रिकामी केलेली टेबलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. काम हातात आलं की क्रम लावायचा आणि संपवायचं, अशी माझी सवय — पण याचा क्रम काही लागत नाही. कुठून सुरुवात करू?

लातूरच्या एका ऑनलाइन जाहिरात कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. कोचिंग क्लासेसच्या जाहिराती आम्ही घेतो. त्या ज्या स्थानिक बातम्यांच्या साइटवर, व्हिडिओ चॅनेलवर दिसतात, तिथली जागाही आम्हीच विकतो. घेणारा आमचा, विकणारा आमचा, जागेची बोलीही आमच्याच कॉम्प्युटरवर लागते. एखादा क्लास दुसऱ्या एजन्सीकडे गेला, तर त्याची जाहिरात कुठेच दिसायची नाही. तो बंदोबस्त मीच करायचे.

सुनील हा भोकर गावचा पोरगा. आमच्याकडेच लागला, काम मी शिकवलं. मग त्याने नांदेडला स्वतःची एजन्सी टाकली. आम्ही ती बुडवत आणली, तेव्हा त्याने दिल्लीच्या सरकारी आयोगाकडे आमच्या मक्तेदारीची तक्रार केली. चौकशी लागली. अधिकारी येऊन त्याचा जबाब घेणार होते.

मालक म्हणाले, "त्याला बोलवा. तुमचं ऐकतो तो."

पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणू? ठाऊक होतं. मालकांनी आणलेल्या तिघांना चहा मीच दिला होता. तरी फोन केला — "ये रे, बसून मिटवू."

रविवारी दुपारी तो आला. दारातच हसला. "ताई, टेबलं अशी मोकळी? पंगत बसवताव का काय?"

मीही हसले. आणि शटर खाली ओढलं.

ते तिघे पुढे झाले. पहिला पाइप त्याच्या तोंडावर बसला. रक्त भिंतीपर्यंत उडालं.

"तक्रार मागं घेतो म्हण!" मालक ओरडले.

"न्हाई घेत," तो रक्त थुंकत म्हणाला.

मग एकाने त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला, दुसऱ्याने बोटांवर पाइप घातला. पुन्हा घातला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज. तो मालकांना नाही, मलाच हाका मारत होता. "ताई, सांगा की ओ ह्यांना! ताई!"

मी दोन पावलांवर होते. तोंड उघडलं का? नाही.

आणि ती टेबलं — ती मी मोकळी केली होती. सकाळीच. सगळे मॉनिटर उचलून आतल्या खोलीत नेले, वर चादर टाकली. मारामारीत फुटू नयेत म्हणून. काचेचा विचार मला आधी सुचला. माणसाचा सुचलाच नाही.

त्याच्याच मोबाइलवरून तक्रार मागे घेतल्याचा मेल गेला. मजकूर मी टाइप केला. एकही चूक नव्हती.

तरीही अधिकारी आले. मालकांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि मला शांतपणे विचारलं, "सुनीलच्या हाताला काय झालं? त्याला कुणी धमकावलं का? तुमचं नाव बाहेर जाणार नाही."

कुणी अडवलं होतं मला? कुणीच नाही.

"गाडीवरून पडला म्हणे," मी म्हणाले.

सुनील जबाब द्यायला आलाच नाही; चौकशी तिथेच थांबली. सुनीलच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, एजन्सी बंद आहे. क्लासेसच्या जाहिराती आजही आमच्याकडूनच जातात. ऑफिस मीच उघडते.