फसलेल्या कामांचा ग्रुप

डावीबाईला सगळे डावीबाई म्हणत, पण ती डावखुरी नव्हती. टेलर मंडळींच्या सामायिक कारखान्यात नवी असताना तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. अस्तर लागलं, इस्त्री झाली, गिऱ्हाइकाने आरशासमोर उभं राहून कोट अंगात चढवला आणि त्याचा उजवा हात पाठीमागच्या कुणाला तरी बोलावल्यासारखा वळला. कारखान्यात हशा पिकला. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

आता ही चूक आयुष्यात एकदाही न केलेला टेलर मला कुणी दाखवावा. कापड एकेरी पसरलं आणि कागदाचा नमुना उलटवायचा राहिला, की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तसं कापड कधी ना कधी गुपचूप पिशवीत कोंबून घरी नेलेलं होतं. पण कबूल कोण करणार? ही मंडळी नाकावर माशी बसू देत नाहीत. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं म्हणतील, कापड आटलं म्हणतील, माझी कात्री चुकली असं मरेपर्यंत म्हणणार नाहीत.

डावीबाईने घरी येऊन मनसोक्त रडून घेतलं. मग तिला राग आला, आणि रागाच्या भरात तिने त्या कोटाचा फोटो काढून फोनवर एक ग्रुप उघडला. नाव ठेवलं ‘फसलेलं काम’. नियम एकच: आत यायचं तर स्वतःच्या हाताने बिघडवलेल्या कपड्याचा फोटो टाकायचा आणि तो कसा बिघडला ते लिहायचं. टोपणनाव चालेल, दुसऱ्याची चूक चालणार नाही.

कित्येक आठवडे ग्रुपात सदस्य एक. तीच.

“काय गं, आज सभा झाली का?” नवरा जेवताना विचारी. “मतभेद वगैरे काही?”

शेवटी सासूबाईंना राहवलं नाही. “मला घे बाई आत. एकटीच बसलेली बरी दिसत नाहीस.”

“आई, फोटो लागतो. नियम आहे.”

सासूबाई उठल्या आणि तिला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी घेऊन गेल्या. तिथल्या पडद्याची खालची दुमड एका टोकाला चांगली चार बोटं वर चढलेली होती. “हा काढ. आल्यागेल्याला सांगते, मांजरीने ओढला म्हणून. आपल्याकडे मांजर होती कधी?”

अशी ग्रुपची सदस्यसंख्या एका दिवसात दुप्पट झाली. एवढ्या वेगाने ती पुन्हा कधीच वाढली नाही, असं नवरा अजून सांगतो.

तिसरी आली ती कुठल्या तरी लांबच्या शहरातली बाई. तिने शिवलेल्या फ्रॉकचा गळा इतका लहान झाला होता, की तो मुलीच्या कोपरापर्यंतच चढत होता. चौथ्याने पॅन्टच्या दोन्ही पायांना मिळून एकच शिवण घातली होती. सासूबाई प्रत्येकाला लांबलचक उत्तर लिहीत, त्यात कपड्यापेक्षा तब्येतीची चौकशी जास्त. पण उत्तरं नुसती गोड नसत. गळा कसा वाचवायचा, कॉलरचं टोक जळलं तर काय लपवायचं आणि काय उसवायचं, हे ज्याचे हात त्यात पोळले होते तोच सांगे. बघता बघता लोक येऊ लागले. चाळीस झाले, शंभर झाले, आणि एकदा बांध फुटला तसे रोज येऊ लागले. साठीच्या कुणा टेलरने लिहिलं की आयुष्यभराची एक चूक आज पहिल्यांदा सांगतोय, आणि छातीवरचा दगड उतरला. त्या दिवशी डावीबाई सबंध कारखान्यात, कारण न सांगता, पेढे वाटायला निघाल्यासारखं तोंड करून फिरली.

सदस्य नऊ हजारांवर गेले तोवर डावीबाई कोटाच्या कामात अशी तरबेज झाली, की हसणारे तिच्याकडून खांदा बसवून घेऊ लागले. त्यात जादू काही नव्हती. नऊ हजार लोकांच्या चुका वाचल्यावर नवी चूक करायला माणसाला वावच राहत नाही. कारखान्याने तिला खिडकीजवळचं टेबल दिलं. त्या टेबलासाठी तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. मोठं कटिंगचं टेबल आणि वाफेची इस्त्री कारखान्यातच होती आणि घरच्या मशीनवर कोट शिवून होत नाही, त्यामुळे ते टेबल म्हणजे तिचा सगळा धंदा.

तिला आणखीही एक गोष्ट कळली होती, आणि ती तिने सासूबाईंनासुद्धा सांगितली नव्हती. टेलरचा हात लपत नाही. टोपणनाव काहीही घ्या, टाका ओळखू येतो. ‘ढगळ पॅन्ट’ या नावाने आलेला माणूस म्हणजे पलीकडच्या टेबलावरचे पॅन्टवाले दादा, हे तिने खिशाच्या कोपऱ्यावरून ओळखलं. असे एकेक करत निम्मा कारखाना तिच्या ग्रुपात येऊन बसला होता, आणि शेजारच्याला शेजारचा ठाऊक नव्हता. आणि एके दिवशी ‘कोरा धागा’ या नावाने एक फोटो आला. त्यात कोटाचं काज होतं, कडेचे टाके वेडेवाकडे. खाली लिहिलं होतं: हात थरथरायला लागलाय, कुणाला सांगू कळत नाही. काजाच्या शेवटाला एक जास्तीचा टाका होता. तसा टाका कारखान्यात एकच माणूस घाली, तो म्हणजे कारखाना चालवणाऱ्या टेलर मंडळाचे अध्यक्ष.

डावीबाईने त्यांना आत घेतलं आणि ब्र काढला नाही. त्यांच्या मदतीला धावून आली ‘जुनी सुई’. ही कोण, ते मात्र डावीबाईलाही उमगलं नव्हतं. तिचा एकमेव फोटो मशीनकामाचा होता, आणि मशीनच्या टिपेवरून माणूस ओळखता येत नाही. जुनी सुई कोऱ्या धाग्याला रोज लिही: सकाळी कोमट पाण्यात हात बुडवा, मनगट टेबलाला टेकवून टाका घाला, डॉक्टरांकडे जाऊन आलात का, टाळाटाळ करू नका. हळूहळू काजं सरळ होत गेली.

पण ग्रुप वाढला तशी अध्यक्षांची झोप उडाली. नऊ हजारांत एखादा तरी ओळखीचा निघणारच, ही भीती. त्यातच एका गिऱ्हाइकाने कारखान्यात येऊन फोन पुढे केला, “हे असलं काम तुमच्याकडचं आहे का हो?” झालं. अध्यक्षांनी मंडळाची बैठक बोलावली. विषय: ग्रुपमुळे धंद्याचं नाव खराब होतंय, तो बंद करावा, नाहीतर बाईंनी टेबल सोडावं.

“आई, काय करू?” डावीबाईने विचारलं. “ते कोरा धागा आहेत एवढं मी म्हटलं, तर तिथल्या तिथे गप्प बसतील.”

सासूबाईंचे डोळे विस्फारले. “अगं, ते होय! मी त्यांना जवसाचं तेल चोळा म्हणून लिहिलं होतं!” मग त्यांनी सुनेचा फोन पालथा ठेवला. “सांगू नकोस. ज्याने आपल्या दारात येऊन रडून घेतलं, त्याचं बाहेर बोलू नये. पण ग्रुपही बंद करू नकोस. आता यातून कसं सुटायचं, ते तुझं तू बघ.”

बैठकीला सगळी मशीनं बंद होती. कारखाना एरवी इतका खडखडत असे, की फोन वाजला तरी ऐकू येत नसे. आज टाचणी पडली तर कळली असती. अध्यक्ष उभे राहिले. त्यांच्या उजवीकडे कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनवाल्या मावशी बसल्या होत्या. शेजारी शेजारी बसून काम करताना अध्यक्ष त्यांच्याशी एकाच विषयावर बोलत: मावशी, आटपा.

“बाई, तुमचं काम चांगलं आहे, त्याबद्दल दुमत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “पण आपली उणीदुणी चव्हाट्यावर का? तुमचा ग्रुप तुम्ही आत्ता, सगळ्यांसमोर बंद करा. नाहीतर उद्यापासून खिडकीजवळचं टेबल दुसऱ्याला.”

डावीबाईने पॅन्टवाल्या दादांकडे बघितलं. दादा छताकडे बघत होते. ज्यांची ज्यांची दुखणी तिला पाठ होती, ते सगळे मूग गिळून बसले होते. तिला त्या क्षणी सगळ्यांची भयंकर चीड आली. नावं ओठांवर आली होती. तिने ती गिळली आणि फोन उघडला. ग्रुप पुसून टाकायचं बटण खाली होतं. वर एक नवी विनंती थांबलेली होती: कुणा पोरीने पहिलाच शर्ट शिवला होता, बाही गळ्याला जोडून. मंजुरी दिली की नव्या माणसाचा फोटो सगळ्यांच्या फोनवर जाई.

डावीबाईने मंजुरीवर बोट ठेवलं.

पॅन्टवाल्या दादांचा खिसा वाजला. पाठोपाठ शर्टवाल्याचा. मग कोपऱ्यातल्या दोघी बहिणींचे, एकदमच. एक फोन पत्र्याच्या डब्यात होता, तो तर डबा घेऊन थडथडत निघाला. सबंध कारखाना किणकिणत राहिला, आणि सगळ्यात शेवटी, जरा सावकाश, अध्यक्षांच्या कोटाचा आतला खिसा वाजला.

पहिल्यांदा हसले ते दादा. हसता हसता त्यांना ठसका लागला. “अध्यक्ष, टेबल तिचंच राहू द्या हो. नाहीतर आपल्या सगळ्यांनाच उठावं लागेल.”

मग जो गलका झाला! तू कोणती, तू ‘उलटी चेन’ का, अरे म्हणजे मला त्या रात्री धीर दिलास तो तू? ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांची इस्त्री पळवली होती, ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. डावीबाई खिडकीजवळच्या आपल्या टेबलाला धरून उभी होती आणि उघडउघड रडत होती, आणि ते तिला मुळीच लपवावंसं वाटत नव्हतं. ती जिंकली होती.

अध्यक्ष मात्र अजून उभेच होते. त्यांचं लक्ष मावशींच्या हातातल्या फोनकडे होतं. मावशी नव्या पोरीला उत्तर लिहीत होत्या, आणि लिहिणाऱ्याचं नाव वर स्पष्ट दिसत होतं.

“जुनी सुई,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही?”

“हो.”

“मी कोण, ते ठाऊक होतं?”

“हात थरथरताना शेजारून दिसतो,” मावशी म्हणाल्या.

“मग इतके दिवस इथे शेजारी बसून एका शब्दाने विचारलं नाहीत?”

“तुम्ही तिथे बोललात, म्हणून मी तिथे बोलले. इथे तुम्ही कधी काही विचारलंत का?”

अध्यक्षांनी आपलं स्टूल उचललं, मावशींच्या मशीनपाशी नेऊन ठेवलं आणि त्यावर बसले.

“आता विचारतो,” ते म्हणाले.