शक्की सर आणि सातवं उत्तर

आमच्या सरांना इंग्रजीतल्या 'अँड' या शब्दाचा फार संशय. वाक्यात तो दिसला की चष्मा वर सारून म्हणत, "थांबा. ह्याच्या मागची-पुढची मंडळी एका घरची आहेत का बघा." 'टु ओपन, टु रीड अँड सॉर्टिंग' असं काही सापडलं की 'सॉर्टिंग'वर बोट ठेवत. "हा कुठून घुसला? आत यायचं तर 'टु सॉर्ट' होऊन ये म्हणावं."

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काचीगुड्यातल्या एका खोलीत ते बँकेच्या परीक्षेसाठी वाक्यशुद्धी शिकवत. मुलं त्यांना शक्की सर म्हणत. हजेरीला नुसतं 'येस सर' त्यांना पुरत नसे. मान वर करून चेहरा बघत.

त्यांचे पेपर खालच्या झेरॉक्सच्या दुकानात निघत, आणि ते दुकान माझ्या मामाचं. एका सराव परीक्षेत माझं एकच उत्तर चुकलं, सातवं. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मामाकडं उत्तरं बघितलीस काय?"

"नाही सर."

"सच्ची बोल."

मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर आठवडाभर त्यांनी माझी वही तपासली नाही. मुली माझ्या बाकावर बसेनात.

मग एका सकाळी ते माझा पेपर घेऊन आले आणि सातवं वाक्य फळ्यावर लिहिलं. "उत्तरसूचीत मीच चूक केली होती. हिचं बरोबर आहे. चोरलं असतं तर हिनं माझी चूकसुद्धा उतरवली असती." माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "माफ कर बेटा."

त्या सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी उत्तरांचा कागद मामाच्या टेबलावर उपडा पडला होता. मी तो उचलला होता. तेवढ्यात मामा आत आला आणि मी कागद तसाच ठेवून दिला. मामा आला नसता तर मी तो उलटला असता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मला बँकेत नोकरी लागली. सर गेल्या वर्षी वारले. मी तारनाक्याला त्यांच्या घरी गेले, तर काकू म्हणाल्या, "एका पोरीवर विनाकारण संशय घेतला म्हणून फार हळहळायचे. तूच काय ती?"

मी हो म्हटलं. विनाकारण नव्हता, एवढंच सांगायला मी गेले होते. चहा घेऊन परत आले.