चनबसप्पा मिस्त्रींची चिठ्ठी

बिघडलेल्या गाडीत चढण्यापूर्वी चनबसप्पा मिस्त्री चपला काढून ठेवीत. प्रथम पाहिले तेव्हा मला वाटले, देवळातली सवय असावी. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे होतेच. विचारण्याचे धाडस मात्र झाले नाही. त्यांनीच ते ओळखले. "सायेब, इंजनाच्या आवाजात कान फसतेत. तळपायाला सगळं कळतंय," असे म्हणून ते पिकअपच्या हौद्यात अनवाणी उभे राहिले. मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते पाय मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत.

लातूर नुकतेच जिल्ह्याचे ठिकाण झाले होते आणि नव्या जिल्ह्यात दुष्काळ पडला होता. मी टंचाईच्या कामावर कारकून होतो. शहराबाहेरच्या एका विहिरीवर बसायचे, भाड्याच्या पिकअपवरची लोखंडी टाकी काठोकाठ भरलेली पाहायची आणि वहीत सही करायची, एवढेच माझे काम. टाकी रेणापूरच्या पलीकडच्या एका वाडीला जाई. ती वाडी मी पाहिली नव्हती. मनाई कोणाचीच नव्हती. अनोळखी माणसांसमोर उभे राहायचे म्हटले की माझे पाय जड होत.

पिकअप चालवी मल्लिनाथ, मिस्त्रींचा धाकटा भाऊ. वडिलांच्या माघारी मिस्त्रींनीच त्याला वाढवले होते आणि गाडीही शिकवली होती. एके दुपारी तो घामाघूम होऊन परतला. "सायेब, पुलाजवळच्या वळनावर स्टेअरिंग भटकतंय. आज नाल्यातच जात व्हतो. अण्णाला बोलवा."

मिस्त्रींनी टायरमधली हवा पाहिली, जॅक लावून पुढची चाके हातांनी हलवली, गाडीखाली उताणे पडून स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे चाचपले. एक सांधा झिजला होता, तो बदलला. रिकामी गाडी पुलापर्यंत नेऊन आणली, सरळ धावली. टाकी भरून नेली, तरीही सरळ. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ एकटा गेला आणि पुन्हा तीच तक्रार घेऊन आला.

"खराबी गाडीत हाय का तुझ्या हातात?" मिस्त्रींनी चिडवले.

"हात तूच शिकिवलेत, अण्णा."

"म्हनून तर भ्या वाटतंय."

तिसऱ्या दिवशी मल्लिनाथ चहाला गेला असताना मिस्त्री हळूच म्हणाले, "सायेब, आज टाकी निम्मीच भरा. आन् तुमीबी चला." कारण विचारावेसे वाटले, पण विचारले नाही. मिस्त्री चपला काढून मागे उभे राहिले, मी मल्लिनाथशेजारी बसलो. पुलाजवळच्या वळणावर गाडीला एका अंगाने हिसका बसला. क्षणभर नाला अगदी माझ्या खिडकीखाली आला.

"आस्संच!" मल्लिनाथ जवळजवळ आनंदाने ओरडला. "अण्णा, रोज आस्संच व्हतंय!"

केबिनच्या टपावर थाप पडली. गाडी थांबली. मिस्त्री तापलेल्या डांबरावर तसेच अनवाणी उतरले.

"मल्लू, आज टाकी निम्मी हाय. भरलेली गप बसती, रिकामी बी गप बसती. निम्मी आसली की पानी वळनावर येका अंगाला धावतंय आन् गाडीला वढतंय. रोज आस्संच व्हतंय म्हनलास. मग रोज निम्मं पानी कुठं जातंय?"

मल्लिनाथचे हात स्टेअरिंगवरून खाली आले. त्याने वळून मागे पाहिले. पुलाच्या अलीकडे कोणाचा तरी बंगला बांधला जात होता. त्या उन्हाळ्यातही त्याच्या भिंती ओल्या होत्या. आपल्याच चोरीची तक्रार तो आमच्याकडे घेऊन आला होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हते.

"मिस्त्री, समज देऊन सोडून देऊ," मी पुटपुटलो.

"दुरुस्ती झाली की मी चिठ्ठी देतो, सायेब. आजपातूर कुनाला खोटी दिली न्हाई." बॉनेटवर कागद टेकवून त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले: 'स्टेअरिंग ठीक. पाणी कमी. डायवर माझा भाऊ.'

"अण्णा, नौकरी जाईल माझी!"

"जाऊ दे. स्टेअरिंग मीच दिलं व्हतं तुझ्या हातात."

मल्लिनाथला तिथेच उतरवून मिस्त्रींनी गाडी मागे वळवली, विहिरीवर टाकी काठोकाठ भरून घेतली आणि स्वतः वाडीकडे हाकली. मी शेजारी बसलो होतो. वाडीत बायका घागरी मांडून बसल्या होत्या. सगळ्या घागरी भरल्या, तरी नळीचे पाणी थांबेना. एक म्हातारी डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली.

"आगं बया! आज दोन गाड्यांचं पानी येकाच गाडीत आनलंस व्हय रं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. तिथे बोलणे माझ्यावर आले होते. "नाही आजी," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "गाडी एकच. तुम्हाला रोज अर्धीच मिळत होती. सही माझी होती."

म्हातारी आमच्याकडे पाहत राहिली. "आन् आमी त्या पोराला रोज भाकर घालत व्हतो," ती म्हणाली. "यवड्या लांबून पानी आनतंय म्हनून."

मग ती घरात गेली आणि चटणी घातलेली भाकरी घेऊन आली. "आजची बी केलीया. तू धर."

मिस्त्रींनी ती दोन्ही हातांनी घेतली. मला वाटले, खातील. सकाळपासून उपाशी होते. त्यांनी खांद्यावरचे फडके झटकले, भाकरी त्यात नीट बांधली आणि गाडीत चढता चढता माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ही मल्लूच्या ताटात."