शिकारीचे बूट आणि यादीतली एक जागा

आमच्या ग्रुपमध्ये किस्से कुणी लिहून ठेवत नाही. तरी गाडीच्या डिकीत जुने मोजे साठावेत तसे ते साठतात आणि दर ऑक्टोबरला बाहेर निघतात.

ग्रुप म्हणजे तिघंच. तिघंही लंडनच्या उपनगरांतले: मी हॅरोची भूलतज्ज्ञ, पिनरचा ऑर्थोपेडिक सर्जन सुधीर आणि स्टॅनमोरचा आयटीवाला मनोज. पानं पिवळी पडली की शनिवारी तासाभरावरच्या एका शेतावर ससे आणि फेझंट पक्षी मारायला जातो. म्हणजे मारतो सुधीर, आम्ही दोघं सावज उठवायला झुडपं बडवतो. तिथला सर्वेसर्वा जॉर्ज, वय पंच्याहत्तर. त्याच्या कायमच्या शिकाऱ्यांच्या यादीत यंदा एक जागा रिकामी होती आणि सुधीरला ती हवीच होती. कन्सल्टंटच्या पोस्टसाठीसुद्धा तो इतका कासावीस झाला नव्हता. पण जॉर्ज नेम नंतर बघतो, आधी पाय बघतो!

*

पहिल्याच शनिवारी सुधीर पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज घालून हजर. जॉर्जने खाली पाहिलं.

"डॉक्टर, क्रिकेट उन्हाळ्यात असतं!"

*

मग सुधीरने भारीतले लेदरचे बूट घेतले. पण घालेना. म्हणे, दसऱ्याला पूजा करून मगच! त्या दिवशी त्याने देवासमोर बंदुकीशेजारी बूट मांडले, तशी त्याची बायको मेधा कडाडली, "बंदूक ठेव. बूट बाहेर!"

"अगं, माझं हत्यारच आहे ते!"

शेवटी बुटांना दाराबाहेर डोअरमॅटवर हळदकुंकू मिळालं. शनिवारी ते कोरे बूट घालून पठ्ठ्या सहा मैल चालला आणि दोन्ही टाचांना फोड आले. नवे बूट आधी घरात वापरा, असं पेशंटना तो रोज सांगतो.

*

मनोजला आईने नागपूरहून फोनवर बजावलं, "एक नंबर मोठेच घे बाबू, मोजे जाड असतात." त्याने खबरदारी म्हणून दोन नंबर मोठ्या वेलीज, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, घेतल्या. ओढ्याकाठच्या चिखलात पाय निघाला, वेली राहिली. जॉर्जने ती उपसून काढली आणि आत डोकावला. काठोकाठ पाणी!

"वॉटरप्रूफ आहे. एक थेंब बाहेर आलेला नाही."

*

त्या शेतावर चढाला निसरडी चुनखडीची माती, मध्ये गव्हाची धसकटं आणि खाली दलदल. मी जॉर्जला सरळ विचारलं, "या सगळ्याला चालेल असा एकच बूट कोणता?"

"दुसऱ्याचा," जॉर्ज म्हणाला.

*

नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी दुपारपर्यंत यादी जॉर्जच्या खिशातच होती. सुधीरने एक ससा टिपला, अगदी स्वच्छ. तो उचलायला गेला आणि त्याच्या बुटाचं टोक सशाला लागलं. सुधीर चटकन वाकला, सशाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. आपण लावतो तसाच.

जॉर्ज मागेच उभा होता. "हे काय केलंस?"

"सॉरी म्हणालो त्याला. पाय लागला ना."

"आणि गोळी घातलीस तेव्हा?"

सुधीर गोंधळला. "तेव्हा पाय नव्हता लागला."

जॉर्जने आधी सशाकडे पाहिलं, मग सुधीरच्या बुटांकडे. मला वाटलं, गेली जागा! मग त्याने खिशातून यादी काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि म्हणाला,

"नावाचं स्पेलिंग सांग."