म्हाताऱ्या निवडुंगाची हजामत

त्याच्या दुकानावर ‘केशकर्तनालय’ अशी पाटी होती, पण तो स्वतः हजामतीला हजामतच म्हणायचा. अडतीस वर्षांत गावातलं एकही डोकं त्याच्या हातून सुटलं नव्हतं. वर्षभरापासून मात्र उजवा हात थरथरत होता. दुकान बंद करा म्हणून बायको हात धुऊन मागे लागली होती. हा म्हणायचा, “एका तरी गिऱ्हाइकानं तक्रार केली का?”

शेवटी तह झाला. आठ दिवस सहलीला जायचं, हाताला विश्रांती द्यायची, मग बघू. मध्ये कात्री हातात दिसली, तर दुकानाला कुलूप. त्याने गरीब गाईसारखी मान हलवली आणि टॉवेलच्या वळकटीत कात्री आणि गिऱ्हाइकाला गुंडाळायचा पांढरा कपडा दडवला.

चौथ्या दिवशी वाळवंटातल्या निवडुंगाच्या बागेपाशी बस थांबली. बाकीचे फोटो काढत सुटले. याला सगळीकडे डोकीच दिसत होती. गोल निवडुंगाची बारीक कटिंग ठीक होती, पण मानेवर कुणीतरी कामचुकारपणा केला होता. आणि कोपऱ्यात तो उभा होता, माणसाएवढा उंच, नखशिखांत पांढऱ्या केसांचा. पाटीवर लिहिलं होतं, ‘म्हातारा निवडुंग’. इतकी हेळसांड त्याने जन्मात पाहिली नव्हती.

बायको चहाच्या रांगेत होती. कपडा काट्यांवर बसेना, म्हणून त्याने तो स्वतःच्याच खांद्यावर टाकला आणि कात्री चालवली. सवयीने उकाड्याच्या गप्पाही मारल्या. केसांखालचे दोन काटे अंगठ्यात घुसले, तरी गडी हटला नाही. मग आरसा दाखवताना व्हायचा तसा दोन पावलं मागे झाला.

डावी बाजू जिन्यासारखी उतरली होती. ती सारखी करायला गेला, तर उजवीकडेही जिना झाला. म्हणजे वर्षभर पोस्टमन, डॉक्टर, सख्खा व्याही, सगळे असलाच जिना डोक्यावर घेऊन “झकास” म्हणत उठले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात माळी धावत आला. “अहो काका, ते केस म्हणजे त्याची छत्री आहे. आता उन्हात भाजेल ना तो. एवढे वाढायला वीस वर्षं लागलीत.”

याने पांढरा कपडा निवडुंगाच्या डोक्यावरून पांघरला आणि माळ्याकडच्या सुतळीने बांधला. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच कपडा हजामतीनंतर चढला होता.

“हा सोडायचा कधी?” माळ्याने विचारलं.

“केस वाढले की.”

मागे बायको चहाचे दोन कप धरून उभी होती. भांडेल, असं त्याला वाटलं. तिने कप खाली ठेवले, त्याचा थरथरता हात हातात घेतला आणि अंगठ्यातले काटे उपसले. मग कपड्याखालून दिसणाऱ्या निवडुंगाकडे मान वाकडी करून बघितलं.

“या बाजूनं बरा दिसतोय की, अहो,” ती म्हणाली.

“गिऱ्हाइकंसुद्धा हेच म्हणायची,” तो म्हणाला आणि कात्री तिच्या पर्समध्ये टाकली.