कोमट मटकी

आज आठ जण मिसळीला येणार होते आणि मटकीला मोड आणायचं काम मी पहिल्यांदाच मागून घेतलं होतं. सकाळी फडकं सोडून हात घातला, तर आत चक्क कोमट! नासली वाटतं. मी फडकं तसंच सासूबाईंपुढे धरलं.

त्यांनी वास घेतला आणि त्या हसल्या. “अगं, जिवंत आहे ती. ऊब येणारच. तुझा हात काय गार आहे?”

पेशी अन्नातून ऊर्जा मोकळी करतात, हे शाळेत मी इंग्रजीत घोकलं होतं. इथे प्रत्येक दाण्यानं आपली शिदोरी रात्रभर हळूहळू जाळली होती, धुराशिवाय, ज्योतीशिवाय. माझ्यातही सकाळची चहा-पोळी तशीच जळत असणार. मी दुसरा हातही आत घातला.

“आई, फोडणीही मीच देते,” मी म्हणाले.