काळी टेप लावलेलं बटण

बाळांनो, माझ्याबरोबर जरा डोळे मिटा. सोमवारची दुपार आहे. पोटभर जेवण झालंय, पडवीत आरामखुर्ची आहे, आणि पायाशी बसून माझी नात केतकी वहीत मासा काढते आहे. तिच्या पेन्सिलीची खरखर हळूहळू बुडबुड्यांसारखी वाटू लागते. मी झोपलो की जागा आहे, ते आता मलाही सांगता येत नाही.

समोरच्या बाकावर सावळाराम भोई बसला आहे. नदीतले मासे ओळखायला मला यानेच शिकवलं. त्याला जाऊन चार वर्षं झाली. त्याचे कपडे ओले आहेत, बाक कोरडा.

"मास्तर, जेवण अंगावर आलं जणू," तो म्हणतो.

"ये सावळाराम. चहा घेणार?"

"ऱ्हाऊ द्या. काय ऐकू येतंय का बघा."

मी कान देतो. पडवी नाही, आम्ही साड्यांच्या दुकानात उभे आहोत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथली मोठी काचेची टाकी मी सांभाळतो. तिच्यात आपल्या कृष्णेचे मासे आहेत, सावळारामनेच आणून दिलेले. दिवे बंद आहेत. फळ्यांवरच्या साड्या शेवाळासारख्या डुलत आहेत.

"काहीच ऐकू येत नाही."

"त्येच म्हणतोय मी."

पाण्यात हवा सोडणारा पंप गप्प आहे.

"आज दुकानाला सुट्टी," मी समजावतो. "दुपारी झाडलोट झाली की रखवालदार बटणं बंद करतो. पण पंपाच्या बटणावर माझी काळी टेप असते. टेपवालं बटण तो सोडून देतो."

"काल पंप कुणी धुतला?"

"मीच."

"मग टेप कुणी काढली?"

"मीच. धुताना काढली, परत लावायची राहिली." पाणी माझ्या गुडघ्यांना लागतंय. टाकीच्या काचा कुठेच दिसत नाहीत.

"मरळ वर यील, तोंडानं हवा पिईल," सावळाराम म्हणतो. "खडशी मासळीला ते जमत न्हाई. बोटाएवढी हुती, तवा तुमच्या वंजळीत दिली हुती मी."

"किती वेळ आहे?"

तो नुसतं तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. त्याचा गार हात माझं मनगट धरतो.

पडवी. ऊन. केतकी वही बाजूला ठेवून माझ्याकडे बघते आहे.

"आजोबा, चहा कुणाला विचारत होता?"

माझ्या मनगटावर काळ्या टेपचा तुकडा आहे, ओला. सकाळी अंघोळ करताना तो तिथे नव्हता.

"केतकी, दुकानाचा पंप," एवढंच मला बोलता येतं.

ती टेप हलकेच सोडवते, फ्रॉकला पुसते, हरवू नये म्हणून स्वतःच्या तळहातावर दाबून बसवते. मग खुंटीवरची दुकानाची किल्ली काढते आणि मी चपला शोधेपर्यंत अनवाणीच रस्त्याला लागते.